टारँटुला उताणा पडलाय? थांबा, टाकून देऊ नका!

पाम (ता. पालघर), वार्ताहर :

मागच्या पावसाळ्यात गावातल्या एका कॉलेजच्या पोराचा सकाळीच फोन आला. "काका, माझा कोळी मेला वाटतं. उताणा पडलाय." शहरातून विकत आणलेला टारँटुला, म्हणजे तो केसाळ मोठा कोळी. घरच्यांनी तर तो उकिरड्यावर टाकायची तयारी केली होती. मी म्हटलं, हात लावू नको, संध्याकाळपर्यंत बघ. दुपारनंतर कोळ्यानं जुनी कातडी बाजूला सारली आणि नवा कोरा होऊन बसला.

आपल्याकडे चिंबोरी कवच टाकते हे किनाऱ्यावरच्या पोरांना सांगावं लागत नाही. टारँटुलाचंही तसंच. कात टाकताना तो पाठीवर पडतो, पाय पसरलेले असतात. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आखडलेले दिसतात. कात टाकायच्या आधी काही दिवस, कधी काही आठवडे, तो खाणं सोडतो. या काळात डबा हलवू नये, भक्ष्य आत सोडू नये. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, साधा रातकिडाही त्याला चावून मारू शकतो. मोठ्या कोळ्याला निदान आठ-दहा दिवसांनीच खायला द्यावं.

आधी जात ओळखा

सगळे टारँटुला एकाच डब्यात, एकाच पद्धतीने पाळता येत नाहीत. ढोबळ तीन प्रकार धरा.

जमिनीवर राहणारे : मेक्सिकोचा लाल गुडघ्याचा टारँटुला यातला. याला पसरट डबा आणि तीन-चार इंच कोरडं कोकोपीट लागतं. मातीपासून झाकणापर्यंतची उंची कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. उंचावरून पडला तर पोट फुटून मरतो.

बिळात राहणारे : यांना निदान सहा-आठ इंच दाबून भरलेली, किंचित ओलसर माती हवी. दिवसेंदिवस दिसला नाही तरी उकरून बघू नका.

झाडावर राहणारे : यांना उभा डबा, आत झाडाची साल आणि बाजूने हवेची भोकं लागतात.

डबा एक, कोळी एक. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो.

पहिला आठवडा

घरी आणल्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवा आणि पाच-सात दिवस त्याला शांत राहू द्या. नंतर त्याच्या पोटापेक्षा लहान रातकिडा किंवा झुरळ द्या. लहान कोळ्याला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी भक्ष्य बाहेर काढा.

शेतकरी म्हणून एक सांगतो. फवारणी झालेल्या भाताच्या, मिरचीच्या शेतातले नाकतोडे चुकूनही देऊ नका. खत-औषध मिसळलेली माती नको. त्या खोलीत डासांचा स्प्रे, अगरबत्तीही नको.

आपल्या हवेत दिव्याची ऊब लागत नाही. उलट मे महिन्यात पत्र्याखाली डबा ठेवला तर कोळी शिजेल. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून हवा खेळती ठेवा. मुंग्यांसाठी डब्याखाली पाण्याची परात ठेवा, दुधाच्या भांड्याला ठेवतो तशी.

हातावर घेऊ नका

व्हिडिओ बघून पोरं कोळी हातावर खेळवतात. अमेरिका खंडातले बरेच टारँटुला पोटावरचे खाजरे केस उडवतात. डोळ्यात गेले तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. आपल्या आशियातल्या कोळ्यांना असे केस नसतात, पण ते चपळ आणि जास्त विषारी. झाडावरचा आपला टारँटुला चावला तर जबर वेदना होतात, स्नायूंना गोळे येतात आणि हा त्रास काही दिवस टिकू शकतो. घरगुती औषधं करत बसू नका, दवाखाना गाठा.

कागद महत्त्वाचा

जुलै २०२१ मध्ये चेन्नईत कस्टमने पोलंडहून आलेलं टपालाचं पार्सल उघडलं. आत छोट्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत कोळी निघाले. परवाना नव्हता, म्हणून ते परत पाठवायचं ठरलं. म्हणजे "ऑनलाइन मिळतोय" याचा अर्थ कायदेशीर आहे असा होत नाही.

मेक्सिकोचा लाल गुडघ्याचा टारँटुला आंतरराष्ट्रीय सायटिस करारात येतो. झाडावर राहणारे भारत-श्रीलंकेतले पोइसिलोथेरिया कोळीही २०१९ पासून त्यात आहेत. वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतले असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये नियम आले. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकला, दिला किंवा मेला तरी कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे कागद मागा. नसतील तर घेऊ नका.

वाडीत, ढोलीत किंवा बांधावर मोठा केसाळ कोळी दिसला तर तो बरणीत भरू नका आणि चपलेने मारूही नका. तो किडे खातो, आपलंच काम करतो. घरात शिरला तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. आणि पाळलेल्याचा कंटाळा आला म्हणून परदेशी कोळी रानात सोडू नका.

शेवटचं. मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते, म्हणजे गोठ्यातल्या बैलापेक्षाही जास्त. एवढी वर्षं सांभाळायची तयारी असेल तरच घरी आणा.