परीक्षानळीतला गुण आणि शरीरातला गुण

काढ्याची पुडी, आवळ्याचा रस, हळदीच्या कॅप्सूल, गुळवेलीच्या गोळ्या. यांतल्या अनेक वेष्टणांवर ‘अँटिऑक्सिडंटने भरपूर’ असे ठळक लिहिलेले असते आणि जवळच ‘संशोधनाने सिद्ध’ असा शिक्का. संशोधन झालेले असते, हे बहुधा खरेच. पण ते कशावर झाले, किती मात्रेने झाले आणि त्यातून नेमके काय कळले, हे वेष्टण सांगत नाही. आपल्या वनस्पतींबद्दल खरी आस्था असेल, तर हे प्रश्न आपणच विचारायला हवेत.

गैरसमज १ : प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट ठरलेली वनस्पती रोगावर गुणकारी असतेच.

वस्तुस्थिती : अशा संशोधनात सर्रास वापरली जाणारी चाचणी म्हणजे डीपीपीएच. हे गडद जांभळ्या रंगाचे रसायन स्वतःच एक टिकाऊ ‘फ्री रॅडिकल’, म्हणजे मुक्त मूलक आहे, आणि मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारे द्रव्य म्हणजे अँटिऑक्सिडंट. त्यात वनस्पतीचा अर्क घातला की रंग उतरत पिवळा होतो. जितका रंग उतरेल तितका अर्क प्रभावी मानतात. चाचणी स्वस्त आणि झटपट होणारी असल्याने अशा शोधनिबंधांना तोटा नाही. पण डीपीपीएच आपल्या शरीरात नसतेच. परीक्षानळीला जठर नसते, यकृत नसते, रक्ताभिसरण नसते. तिथे रंग उतरवणारा घटक आतड्यातून रक्तात पोहोचतो का, पोहोचलाच तर किती वेळ टिकतो, याचे उत्तर या चाचणीत मिळत नाही. चहा आणि कॉफीसुद्धा ती सहज उत्तीर्ण होतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच अँटिऑक्सिडंट क्षमतेचा मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. ते आकडे मानवी आरोग्याबद्दल काही सांगत नाहीत आणि कंपन्या जाहिरातींसाठी त्यांचा गैरवापर करतात, या कारणाने २०१२ मध्ये खात्याने तो मागे घेतला.

गैरसमज २ : मुक्त मूलके शरीराची शत्रू, म्हणून अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले.

वस्तुस्थिती : मुक्त मूलके अती झाली की पेशींना इजा होते, हे खरे. पण पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते अशाच तीव्र रसायनांच्या मदतीने. व्यायामाचा फायदा शरीराला मिळण्यातही त्यांचा वाटा असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात तरुणांना व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनच्या कार्यात होणारी सुधारणाच दिसेनाशी झाली.

सर्वांत मोठा धडा फिनलंडने दिला. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. बीटा-कॅरोटिन हे प्रसिद्ध अँटिऑक्सिडंट फुप्फुसाचा कर्करोग टाळेल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतल्या अशाच एका चाचणीत तीच दिशा दिसू लागल्यावर १९९६ मध्ये गोळ्या मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांचे आरोग्य चांगले असते, यात शंका नाही. पण त्यातला एकच घटक वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिला, तर तोच परिणाम मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

गैरसमज ३ : हळदीचे औषधी गुण पूर्ण सिद्ध झाले आहेत. आपण तर तिचे पेटंटही परत मिळवले.

वस्तुस्थिती : जखमेवर हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ही लढाई जिंकली, आणि तिचा अभिमान रास्तच आहे. मात्र तिथे सिद्ध झाले ते एवढेच की हा उपयोग भारतात आधीपासून ठाऊक होता, त्यात नवा शोध नव्हता. हळदीने कोणता आजार किती बरा होतो, हा प्रश्न त्या वादात नव्हताच.

हळदीचे गुण ज्याचे मानतात ते कुर्क्युमिन तिच्यात साधारण ३ टक्के असते. पोटात गेल्यावर त्याचा फारच थोडा भाग रक्तात पोहोचतो आणि तोही शरीर झपाट्याने बाहेर टाकते. शिवाय कुर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना चकवते. ते स्वतः रंगीत आहे, प्रकाशात चमकते आणि अनेक प्रथिनांना सरसकट चिकटते, त्यामुळे नसलेला परिणामही दिसल्यासारखा वाटतो. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी यावरच्या प्रचंड संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला आणि कुर्क्युमिन औषध म्हणून प्रभावी ठरल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. फोडणीतली हळद यामुळे वाईट ठरत नाही. कर्करोगावर हळदीच्या कॅप्सूल विकणाऱ्यांचा दावा मात्र टिकत नाही.

गैरसमज ४ : नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही. चालू औषधांसोबत घेतले तरी चालते.

वस्तुस्थिती : १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की काळ्या मिरीतले पायपरिन सोबत दिले, तर रक्तात पोहोचणारे कुर्क्युमिन सुमारे २० पटींनी वाढते. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क येऊ लागला. पण पायपरिन हे साधते ते औषधे निकामी करणारी आतड्यातली आणि यकृतातली यंत्रणा मंदावून. ही यंत्रणा फक्त कुर्क्युमिनपुरती नसते. फिट्सवरचे फेनिटॉइन किंवा दम्यावरचे थिओफिलिन चालू असेल, तर रक्तातली त्यांची पातळीही वाढू शकते. भारतीय शास्त्रज्ञांनी हाच गुण मोजूनमापून कामाला लावला आणि क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनसोबत पायपरिन देऊन त्याची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी गोळी तयार केली. ज्याच्यात एवढी ताकद आहे, ते निरुपद्रवी कसे मानायचे?

करोनाकाळात घरोघरी गुळवेल घेतली गेली. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे आढळले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बहुतेकांचा आजार प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखा होता. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला असे होते, असा याचा अर्थ नाही. पण यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, हे यातून शिकायलाच हवे.

गैरसमज ५ : मग वनस्पतींवरचे संशोधन म्हणजे भाबडेपणाच.

वस्तुस्थिती : मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्या निबंधाने जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. मूळच्या नंदुरबारच्या डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन ही कर्करोगविरोधी द्रव्ये शोधली. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन असते. पण मूळ द्रव्य रुग्णांना सोसवेना. त्याची रचना बदलून केलेली औषधे अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाली. चीनच्या तू यूयू यांना आर्टेमिसिनिनसाठी २०१५ चे नोबेल मिळाले. हे द्रव्य मलेरियाच्या परजीवीत मुक्त मूलके निर्माण करून त्याला मारते, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या अगदी उलट!

गैरसमज ६ : झाडापासून औषध निघाले, मग त्याची पाने चघळली तरी काम होईल.

वस्तुस्थिती : अंगणातल्या सदाफुलीचा अभ्यास सुरू झाला तो मधुमेहासाठी. साखर उतरली नाही, पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून विनब्लास्टिन आणि पुढे विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळाली. टनभर वाळलेल्या पानांतून विनक्रिस्टिन निघते ते जेमतेम काही ग्रॅम. ते मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्ततपासण्या करत शिरेतून देतात. साखरेसाठी रोज सकाळी सदाफुलीची पाने खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की आपण न मोजलेली, पेशींवर घाव घालणारी द्रव्ये पोटात घेत आहोत.

म्हणून ‘संशोधनाने सिद्ध’ असे वाचले की विचारावे : प्रयोग माणसांवर झाला का? मात्रा किती होती? औषध न घेणाऱ्यांशी तुलना केली होती का? आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या यादीत काढा, चूर्ण, रस, सगळे लिहून न्यावे. संशोधकांकडेही एक मागणी आहे : रंग उतरवणाऱ्या चाचण्या पुरे झाल्या. डॉ. वकिलांनी सर्पगंधेसाठी जे केले, ते गुळवेल, अश्वगंधा, आवळा यांच्यासाठी आजच्या काटेकोर पद्धतीने व्हावे. जे टिकेल ते जगभर आदराने वापरले जाईल, आणि जे टिकणार नाही त्यापासून रुग्ण तरी वाचतील.