पाय सुजतो तेव्हा : हत्तीपायाची ओळख आणि काळजी

शेतात पायाला काटा मोडतो. जखम चिघळते आणि दुसऱ्या दिवशी जांघेत गाठ दुखू लागते. आपण म्हणतो, अवधाण आले. ही गाठ मुळात शरीरातली चौकीच असते. जखमेतून आत शिरलेले रोगजंतू ती तिथेच अडवते. अशा गाठी काखेत आणि मानेतही असतात. त्यांना लसिकाग्रंथी म्हणतात आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांना लसिकावाहिन्या.

या वाहिन्यांचे काम शेतकऱ्याला सांगायला नको. पाटाने शेतात पाणी येते, पण जादा पाणी काढायला चर लागतो. चर बुजला तर शेत चिबडते. शरीरातही तसेच आहे. रक्तातून पाझरलेले पाणी सगळेच रक्तात परत जात नाही. रोज साधारण २ ते ३ लिटर मागे उरते. ते लसिकावाहिन्या परत रक्तात नेऊन सोडतात. त्यांना हृदयासारखा पंप नाही. आपण चालतो, स्नायू हलतात, तसे ते पाणी पुढे सरकते.

चर कशाने बुजतो?

पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात हत्तीपाय नवा नाही. हा ना शाप, ना पूर्वजन्मीचे पाप. गटारातल्या आणि डबक्यातल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावला की दोऱ्यासारख्या बारीक कृमीची पिले शरीरात शिरतात. वाढलेले कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहून त्यांची नासाडी करतात. सूज मात्र पुष्कळ वर्षांनी दिसते. कृमींची पिले रात्री रक्तात फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी तपासणीसाठी रात्री रक्त घेतात.

गोळ्या कोणी घ्यायच्या?

रोग असलेल्या भागात सरकारी मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या घरोघरी देतात; काही ठिकाणी आयव्हरमेक्टिनही देतात. "मला कुठे रोग आहे?" म्हणून त्या खिशात टाकू नका. निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही ही पिले असू शकतात आणि डास ती शेजाऱ्याकडे पोचवतो. उपाशीपोटी गोळ्या घेऊ नका. जेवून कर्मचाऱ्यासमोरच गिळा. नंतर थोडा ताप किंवा डोकेदुखी झाली तर घाबरू नका, कृमींची पिले मरत असल्याची ती खूण आहे. त्रास वाढला तर मात्र कर्मचाऱ्याला कळवा. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे यांना या गोळ्या देत नाहीत.

सूज आलीच असेल तर

या गोळ्यांनी जुनी सूज ओसरत नाही. पण रोजच्या काळजीने ती वाढायची थांबते, काहींची कमीही होते. घरी एवढे करा :

१. रोज साबण व स्वच्छ, थंड पाण्याने पाय हलक्या हाताने धुवा. बोटांच्या बेचक्या आणि कातडीच्या घड्या विसरू नका. मऊ फडक्याने टिपून कोरडे करा.
२. भेगा, चिखल्या, खरचटणे यांवर आरोग्य केंद्रातून मलम आणून लावा. जंतू तिथूनच शिरतात.
३. बसताना पाय पाटावर ठेवा. रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
४. घोटे गोल फिरवा, टाचा वरखाली करा. अनवाणी शेतात जाऊ नका.

मधूनच थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. त्या दिवसांत विश्रांती घ्या, थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. शेक, चोळणे, डाग, बिब्बा यांतले काहीही नको. असा प्रत्येक झटका सूज वाढवून जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका. बुजलेला चर त्यांनी मोकळा होत नाही. पुरुषांना अंडवृद्धी झाली असेल तर लाजू नका. शस्त्रक्रियेने ती बरी होते.

प्रत्येक सूज हत्तीपाय नव्हे

दोन्ही पाय सुजले, तोंडावर सूज आली, दम लागू लागला तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासून घ्यावे लागते. एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, किंवा गरोदरपणी सुजेबरोबर डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरात कोणाचा पाय असा सुजलेला असेल तर त्या माणसाला कोपऱ्यात बसवू नका. त्याला शिवल्याने रोग लागत नाही. रोज पाय धुवायला त्याच्यासाठी तांब्याभर पाणी ओतणारा हात घरात असला, तर तो माणूस पुष्कळदा पुन्हा बांधावर उभा राहतो.