निशी-कासाईचं ते दशक

२०२५च्या जुलैत जपानच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली आणि ‘जपानी आधी’ म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने १४ जागा मिळवल्या. टीव्हीवर ती घोषणा ऐकून मुलीने विचारलं, “आई, हे आपल्याबद्दल बोलतायत का गं?” तिचा जन्म इथलाच. मला मात्र आठवले ते माझे बाबा. शिवाजी पार्कच्या सभांना जाऊन ‘मराठी माणसा’साठी घसा बसवून घरी यायचे. तेव्हा नाक्यावरच्या उडुपी हॉटेलवाल्याच्या पोरांना काय वाटत असेल, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही.

२०००च्या आसपास संगणकवाले भारतीय तोक्योच्या या पूर्व टोकाला, निशी-कासाईत, जमू लागले, त्याची कारणं अगदी व्यवहाराची. तोझाई लाइनने ओतेमाची, निहोनबाशीची ऑफिसं थेट गाठता यायची, आणि निमसरकारी ‘यूआर’च्या वसाहतींत ना जामीनदार लागायचा, ना घरमालकाला द्यायची दक्षिणा. खासगी एजंट तर परदेशी नाव ऐकूनच फोन ठेवायचे. आमची पहिली वर्षं म्हणजे नवऱ्याचा ओव्हरटाइम आणि माझी तूरडाळीसाठी वणवण. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी मजा २००६ ते २०१६. भारतीय शाळा निघाल्या होत्या, त्यामुळे कुटुंबं टिकू लागली. शनिवारी कुणाकडे तरी जेवण ठरलेलंच. गणपतीला हॉल भाड्याने घ्यायचा आणि मोदकांना जपानी जोशिन्को पिठी आणायची. काय सुरेख पारी व्हायची! मैत्र्या मात्र प्रोजेक्टच्या मुदतीएवढ्या. प्रेशर कुकर मागे ठेवून माणसं सिंगापूरला जायची.

या सगळ्यात टिकल्या त्या शेजारच्या आजी. रहिवासी संघाच्या सूचनांचा फळा, कैरानबान, घरोघर फिरायचा. वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या दारी द्यायचा. मला कांजी येत नाही हे बघून आजी तो स्वतः घेऊन यायच्या आणि दारात उभ्या राहून वाचून दाखवायच्या. टाकी कधी धुणार, कुणाच्या गॅलरीत कबुतरं झालीत, सगळं. चहाला मात्र पहिल्यांदा आत आल्या त्या तिसऱ्या वर्षी.

मग ११ मार्च २०११. भूकंपानंतर फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमचा शनिवारचा कंपू पांगला. किल्ल्या पत्रपेटीत टाकून, विमानतळावरून एसेमेस. गेल्याबद्दल तक्रार नाही, तान्ही मुलगी मांडीवर घेऊन मीही तिकिटं बघत होते. पण शेजारच्या इमारतीत राहून कुणी ‘येतेस का’ म्हणून विचारू नये? मे महिन्यात हीच मंडळी परतली आणि जपानी शिस्तीवर लेख लिहू लागली. जणू पाण्याच्या रांगेत हेच उभे होते!

पाण्याचं झालं ते असं. २३ मार्चला कानामाचीच्या जलशुद्धीकरण केंद्रात किरणोत्सारी आयोडीन सापडल्याची बातमी आली. बाळांसाठी मर्यादा लिटरला १०० बेकरेलची, निघालं २१०. बाळांना नळाचं पाणी देऊ नका, असं जाहीर झालं आणि दुकानांतल्या बाटल्या तासाभरात संपल्या. संध्याकाळी आजींनी भूकंपासाठी साठवलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या माझ्या दाराशी आणून ठेवल्या. “मी म्हातारी. मला नळाचं चालतं,” म्हणाल्या.

२०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक आमच्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले तेव्हा वाटलं, रुजलो आपण. आता तसं वाटत नाही. येन घसरला, हिशेब रुपयांत करणारे परतले. नव्यांना इथे पोह्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं, डबा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवता येतो, मग जपानी शेजारी हवा कशाला? आजी मुलाकडे चिबाला गेल्या. त्यांच्या घरात पुण्याचं जोडपं आलं. कैरानबान त्यांच्या दाराशी आठवडा-आठवडा पडून राहायचा. शेवटी संघाने आमच्या मजल्यावर तो पाठवणंच बंद केलं.

कर आणि पेन्शनचे हप्ते बिनचूक भरणाऱ्याला ‘जपानी आधी’ म्हणत उपरा ठरवणं हा कोतेपणाच, त्याला माझी माफी नाही. पण वीस वर्षं राहून समोरच्या दारावरची पाटी न वाचणारे आपणही काही कमी नाही. तेव्हा नव्याने आलेल्या मंडळींनो, सप्टेंबरमध्ये इमारतीची भूकंपाची कवायत असते, त्या दिवशी बिर्याणी पार्टी पुढे ढकला आणि खाली या. जपानी येत नसलं तरी चालतं, बादली पुढच्याच्या हातात द्यायची असते.