शस्त्रक्रिया मुंबईत, बरे होणे घरी

सत्तरी ओलांडलेल्या आजींचे पाय सुजू लागले, की घरात प्रथम वयाला दोष दिला जातो. जिना चढताना आजोबांना धाप लागली, तर ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण गप्प बसतो. बहुतेक वेळा या लक्षणांमागे नेहमीचीच कारणे निघतात. क्वचित मात्र त्यांच्या आड हृदयाचा असा एखादा विकार दडलेला असतो, की त्याचे नावही आपल्या कानावर कधी पडलेले नसते आणि शस्त्रक्रिया हाच त्यावरचा मुख्य उपाय असतो. मग पेण किंवा रोह्याहून पनवेल, नवी मुंबई, मुंबई अशा फेऱ्या सुरू होतात आणि ‘या वयात छाती उघडावी का?’ हा प्रश्न घरात ठाण मांडून बसतो.

हा लेख त्या प्रश्नासमोर उभ्या असलेल्या आपल्यासाठी आहे. शस्त्रक्रिया आटोपून घरी परतलेल्या माणसाच्या उशाशी बसणाऱ्या आपल्यासाठी तर तो अधिकच आहे.

दुर्मीळ म्हणजे असाध्य नव्हे

तीन विकारांची ओळख करून घेऊ. पहिला मिक्झोमा. ही हृदयाच्या कप्प्यात वाढणारी गाठ असते. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा डाव्या वरच्या कप्प्यात, देठाला लोंबणाऱ्या फळासारखी वाढते. झडपेच्या तोंडाशी ती आली की रक्ताची वाट अडते. त्यामुळे धाप लागते, चक्कर येते. कधी बसल्यावर होणारा त्रास आडवे झाल्यावर कमी होतो. बारीक ताप आणि वजन घटणे ही लक्षणेही दिसू शकतात. खरा धोका वेगळाच असतो. गाठीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला, तर पक्षाघात होतो. म्हणूनच टूडी-इको तपासणीत गाठ दिसली, की डॉक्टर शस्त्रक्रिया लांबवत नाहीत. गाठ पूर्णपणे काढली गेली, तर बहुसंख्य रुग्ण पूर्ववत जीवन जगतात. ती पुन्हा उद्भवण्याची शक्यता थोडी असली, तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने इको करीत राहावे लागते.

दुसरा विकार हृदयाच्या वेष्टणाचा. हृदयाभोवतीचे पातळ आवरण जाड आणि कठीण होते व हृदयाला आवळून धरते. आपल्या देशात यामागे क्षयरोग हे महत्त्वाचे कारण आहे. मानेच्या शिरा फुगतात, पाय सुजतात, पोटात पाणी साचते. पोट मोठे दिसते म्हणून अनेकदा यकृताच्या तपासण्या आधी होतात आणि हृदयाकडे लक्ष उशिरा जाते. यावर ते कठीण आवरण सोलून काढण्याची शस्त्रक्रिया करतात. ती जितकी लवकर, तितका परिणाम चांगला. फार उशीर झाला असेल, तर आवरण निघूनही हृदयाचे स्नायू पूर्वीसारखे जोर धरत नाहीत. क्षयरोग हे कारण असल्यास त्याची औषधे शस्त्रक्रियेनंतरही ठरलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण करावी लागतात. ‘ऑपरेशन झाले, आता गोळ्या कशाला’ हा विचार येथे घातक ठरतो.

तिसरा विकार हृदयाच्या मधल्या भिंतीचा. ही स्नायूंची भिंत जन्मजात जनुकीय दोषामुळे जाड होत जाते आणि रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद करते. प्रथम औषधे देतात. ती पुरेशी न ठरल्यास भिंतीचा वाढीव भाग कापून काढतात. या विकारात शरीरातले पाणी कमी झाले की त्रास बळावतो. म्हणून कोकणातल्या एप्रिल-मेच्या घामट दिवसांत जपून राहावे लागते. येथे आणखी एक कर्तव्य असते. हा दोष मुलांमध्ये उतरण्याची शक्यता निम्मी असते. आजोबांचे निदान झाले, की त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासणी करून घ्यावी.

मागे वळून पाहता

हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास आपल्या आजी-आजोबांच्या हयातीतलाच आहे. हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये अमेरिकेत केली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हृदयातील मिक्झोमा यशस्वीरीत्या काढला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण होण्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले. ते दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

या दोन सालांमधील सव्वीस वर्षांत शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकीच, किंबहुना अधिक, प्रगती तिच्यानंतरच्या उपचारांत झाली. प्रत्यारोपित हृदय शरीराने नाकारू नये म्हणून औषधे आली, जंतुसंसर्ग रोखण्याची शिस्त आली, अतिदक्षता विभाग सुधारले. यातला बोध आपल्या घरालाही लागू आहे. शल्यविशारदाचे काम काही तासांत संपते. रुग्णाचे भवितव्य मात्र पुढच्या अनेक महिन्यांच्या सांभाळावर ठरते.

होकार देण्याआधी

शस्त्रक्रियेचा धोका सर्वांना सारखा नसतो. वय, मूत्रपिंडांची स्थिती, फुप्फुसे, मधुमेह, हृदयाची ताकद या सर्वांचा हिशेब करून डॉक्टर तो आजमावतात. म्हणून ‘ऑपरेशन यशस्वी होईल ना?’ एवढेच विचारू नये. ‘आमच्या रुग्णाच्या बाबतीत धोका किती? शस्त्रक्रिया न केल्यास पुढचे वर्ष कसे जाईल? झाल्यावर ते स्वतःचे स्वतः करू शकतील का?’ असे प्रश्न वहीत लिहून न्यावेत. मुख्य म्हणजे ते रुग्णाच्या देखत विचारावेत. वडीलधाऱ्यांना घाबरवू नये म्हणून त्यांच्यापासून लपवून घेतलेला निर्णय पुढे साऱ्या घराला जड जातो. छाती त्यांची आहे. पहिला शब्दही त्यांचाच असावा.

खर्चाची चौकशीही वेळेवर करावी. राज्याची जनआरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेचे ‘वय वंदना’ कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का आणि सुचवलेली शस्त्रक्रिया तिच्यात बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राला विचारावे.

ओळखीचा आवाज

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत वृद्ध रुग्ण कधी असंबद्ध बोलू लागतात. नसलेली माणसे त्यांना दिसतात, नळ्या ओढण्याचा प्रयत्न होतो, मुलांची ओळख पटत नाही. नातेवाईक हादरतात, ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे त्यांना वाटते. हा भ्रम ज्येष्ठांमध्ये बऱ्यापैकी आढळतो आणि बहुधा ओसरतो. मात्र तो डॉक्टरांना लगेच सांगावा, कारण त्यामागे जंतुसंसर्ग किंवा प्राणवायूची कमतरता असू शकते. आपण एवढे करावे: चष्मा आणि श्रवणयंत्र त्यांच्याजवळ ठेवावे, आज कोणता वार आहे ते सांगावे, शांतपणे घरच्या गोष्टी बोलाव्यात. अशा वेळी ओळखीचा आवाज मोठा आधार देतो.

याच सुमारास हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रासही अनेकांना होतो. त्यावर औषधे आहेत. त्याने धीर सोडू नये.

घराचा उंबरठा ओलांडल्यावर

छातीचे मधले हाड तारांनी बांधलेले असते. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरते बळकट व्हायला तीन महिनेही लागू शकतात. तोवर विहिरीचे पाणी ओढणे, भरलेली कळशी उचलणे, नातवंडाला कडेवर घेणे, दुचाकी चालवणे वर्ज्य. पलंगावरून उठताना हातांवर भार न देता कुशीवर वळून उठावे. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरावी. गावाकडच्या घरात उकिडवे बसावयाचे शौचकूप असेल, तर खुर्चीची सोय आधीच करून ठेवावी. फेरतपासणीसाठी मोटारीने जाताना रुग्णाला मागच्या आसनावर बसवावे आणि पट्ट्याखाली छोटी उशी ठेवावी; खड्ड्यांतून जाताना तिचे मोल कळते.

आहारात सर्वांत अवघड पथ्य मिठाचे. पेणचे पापड, घरचे लोणचे, सुकट आणि सुके बोंबील हा आपल्या ताटाचा अभिमान आहे. पण या साऱ्यांत मीठ भरपूर असते आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते अंग धरणे नव्हे, साचलेले पाणी असण्याचा संभव अधिक. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. इतर काही रुग्णांना ती काही महिने घ्यावी लागते. ‘आयएनआर’ ही तपासणी ठरलेल्या दिवशी चुकवू नये. गोळी कमी पडली तर गुठळी होते, अधिक झाली तर रक्तस्राव. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या गोळीचा प्रभाव घटवते. म्हणून पालेभाजी सोडायची नाही, प्रमाण मात्र सारखे ठेवायचे. पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू बाजारात आले, की आठवडाभर रोज पालेभाजी आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असे करू नये. गुडघे दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नये. काढे किंवा आयुर्वेदिक औषधे घेत असल्यास तेही सांगावे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेची कल्पना द्यावी. हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू झडपेवर घर करू शकतात.

चालणे हे औषधच आहे. प्रारंभी अंगणात पाच मिनिटे, मग दररोज थोडे अधिक. चालताना बोलता यावे, इतकाच वेग ठेवावा. महिन्या-दीड महिन्याने कुंडलिकेच्या काठी संध्याकाळचा फेरफटका होऊ लागला, की प्रगती मोजायला वेगळे यंत्र लागत नाही.

मनाचे टाके

जखम भरत असतानाच अनेकांचे मन खचते. डोळ्यांत उगाच पाणी येते, जेवण जात नाही, ‘तुम्हाला माझा भार झाला’ असे शब्द येतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे लक्षण समजावे. ‘मन घट्ट करा’ हा सल्ला पुरत नाही. शेंगा सोलणे, नातवाचा अभ्यास घेणे, हिशेबाची वही लिहिणे असे एखादे हलके काम त्यांच्याकडे सोपवावे. आपली गरज अजून आहे, हे त्यांना कृतीतून कळावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनीही स्वतःकडे पाहावे. घरातली एकच सून किंवा एकच लेक रात्रंदिवस जागत असेल, तर महिन्याभरात दुसरा रुग्ण तयार होतो. पाळ्या वाटून घ्याव्यात.

थांबू नये अशा खुणा

ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणे, छातीच्या हाडात कटकट आवाज, काळी शौच, पायांची वाढती सूज यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना त्याच दिवशी गाठावे. एकाएकी धाप लागणे, छातीत तीव्र वेदना, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात लुळा पडणे यांपैकी काही झाल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांक फिरवावा. शस्त्रक्रियेचे कागद, औषधांची यादी आणि शेवटचा आयएनआर एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवावा. मध्यरात्री शोधाशोध करण्यात जाणारी दहा मिनिटे फार मोलाची असतात.

प्रत्येक शस्त्रक्रियेचा शेवट आपल्या मनासारखा होतोच असे नाही. तसे आश्वासन कोणीही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. आपल्या हाती जे आहे, तेही थोडे नाही. रोजचे वजन, वेळेवरची गोळी, मोजके मीठ, हात धरून चाललेली चार पावले आणि धीराने ऐकलेले दोन शब्द यांची किंमत कोणत्याही बिलात लागत नाही. पण शल्यविशारदाने वाचवलेले हृदय पुढे त्यांच्याच बळावर चालत राहते.