कपाटातला सिनेमा : ओटीटीच्या काळात डिस्कचा संग्रह

२९ सप्टेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सनं चित्रपटाच्या डिस्कचं शेवटचं लाल पाकीट टपालात टाकलं. १९९८ पासून अमेरिकेत घरोघरी पोस्टानं चित्रपट पोचवणाऱ्या या कंपनीनं पंचवीस वर्षांत ५०० कोटींहून अधिक डिस्क पाठवल्या होत्या. डिस्कचा जमाना संपला, असंच तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. दोनच महिन्यांनी 'ओपनहायमर'ची फोर-के डिस्क बाजारात आली. पहिल्याच आठवड्यात ती दुकानादुकानांतून संपली आणि निर्मात्या कंपनीला घाईनं नवा साठा काढावा लागला. डिस्क घरात असली तर कोणतीही स्ट्रीमिंग सेवा हा चित्रपट तुमच्याकडून काढून घेऊ शकणार नाही, असं दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलान यांनी प्रेक्षकांना आधीच जाहीरपणे सांगितलं होतं.

एकाच वर्षातल्या या दोन घटनांमध्ये आजची सगळी स्थिती आली आहे. डिस्कचा मोठा बाजार आटला, पण डिस्क जपणारा माणूस उरला आहे. या मंडळींना हौशी किंवा जुन्यात रमणारे म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला मात्र वाटतं की चित्रपटांच्या जतनाचं फार मोठं काम आज हे संग्राहक करत आहेत. मराठीत तर त्या कामाची तातडीनं गरज आहे.

थाळीएवढ्या डिस्कपासून

घरी चित्रपटाची डिस्क ही गोष्ट १९७८ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी अमेरिकेत लेझरडिस्क विक्रीला आली. ती तीस सेंटिमीटर व्यासाची, ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढी होती, आणि तिच्यावर आलेल्या पहिल्या चित्रपटांत 'जॉज' होता. लेझरडिस्क महाग होती, त्यामुळे ती मोजक्याच घरांत गेली. पण संग्राहकाची संस्कृती घडवली ती तिनंच. १९८४ मध्ये क्रायटेरियन या कंपनीनं 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' लेझरडिस्कवर काढले. 'किंग काँग'च्या डिस्कवर चित्रपटासोबत ऐकायचं अभ्यासकाचं भाष्य वेगळ्या ध्वनिपट्टीवर दिलेलं होतं. चित्रपट पाहता पाहता त्याच्याविषयी शिकायची सोय घरबसल्या झाली. पुढं डिस्कवर आलेल्या मुलाखती, वगळलेले प्रसंग, निर्मितीची कहाणी या सगळ्याचं मूळ तिथं आहे.

आपल्याकडं डिस्क आली ती व्हीसीडीच्या रूपानं. १९९३ मध्ये ठरलेल्या या मानकात एका सीडीवर ७४ मिनिटांचं चित्र मावायचं. म्हणून हिंदी-मराठी चित्रपट दोन किंवा तीन डिस्कवर यायचा, आणि मध्यंतराच्या आसपास कुणीतरी उठून डिस्क बदलायचं. चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ बिंदूंचं, म्हणजे कॅसेटच्या तोडीचं. पण प्लेअर स्वस्त होते, रिळात फीत अडकायची भीती नव्हती. गावोगावच्या कॅसेट लायब्रऱ्यांनी फळ्या रिकाम्या करून व्हीसीडी मांडल्या. पाठोपाठ डीव्हीडी आली. १९९६ मध्ये ती जपानमध्ये निघाली, पुढच्या वर्षी अमेरिकेत पोचली आणि काही वर्षांत आपल्याकडं रुळली.

भारतात खरी उलथापालथ केली ती मोझर बेअर या कंपनीनं. कोऱ्या डिस्क बनवणारी ही कंपनी २००६-०७ च्या सुमारास चित्रपटांच्या व्यवसायात उतरली. व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळू लागली. रस्त्यावरच्या चोरट्या प्रतीच्या भावात अस्सल प्रत मिळाल्यावर किराणा दुकानापासून पुस्तकांच्या दुकानापर्यंत डिस्क दिसू लागल्या. भाड्यानं आणून परत करण्याची सवय असलेल्या मध्यमवर्गीय घरांत चित्रपट विकत घेऊन ठेवण्याची सवय लागली ती या काळात.

मराठी कपाटात काय आहे

मराठी घरातल्या डिस्कच्या कपाटाचं एक वैशिष्ट्य आहे. तिथं चित्रपटांच्या जोडीला नाटकं आहेत. 'तो मी नव्हेच', 'वस्त्रहरण', 'मोरूची मावशी' अशी नाटकं व्हीसीडी आणि डीव्हीडीवर आली. पु. ल. देशपांड्यांचे प्रयोग आले. पुण्याच्या फाउंटन म्युझिकसारख्या प्रकाशकांनी हा माल महाराष्ट्रभर पोचवला. परदेशी राहणारी मुलं सुट्टी संपवून निघाली की लोणची-पापडांच्या डब्यांबरोबर या डिस्क बॅगेत जायच्या.

या नाटकांच्या डिस्कचं मोल वेगळं आहे. नाटक प्रयोगागणिक घडतं आणि पडदा पडला की संपतं. चित्रपटाची निदान निगेटिव्ह असते, नाटकाची नसते. प्रभाकर पणशीकर, मच्छिंद्र कांबळी, लक्ष्मीकांत बेर्डे आज आपल्यात नाहीत. त्यांच्या रंगमंचावरच्या हालचाली, संवादफेकीतल्या जागा, प्रेक्षकांच्या हशासाठी थांबण्याची त्यांची पद्धत पुढच्या नटानं शिकायची तर पाहायचं कुठं? चित्रीकरण कधी साधं आहे, ध्वनी कधी खरखरीत आहे, तरीही नाट्यइतिहासाचा हा अस्सल पुरावा आहे. पस्तीस रुपयांच्या वस्तूकडं कुणी पुरावा म्हणून पाहत नाही, म्हणून अशा डिस्क आज रद्दीत निघतात. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार चाळणाऱ्या संग्राहकाला हे पक्कं ठाऊक असतं.

बाजार कसा आटला

ब्लू-रे २००६ मध्ये आली. तिची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं मागं घेतली आणि मैदान मोकळं झालं. पण तोवर इंटरनेटचा वेग वाढत होता. अमेरिकेत २००५-०६ च्या सुमारास वर्षाला सुमारे १६ अब्ज डॉलरच्या डिस्क विकल्या जात होत्या. २०२४ मध्ये हा आकडा एक अब्जाच्या खाली गेला. सॅमसंगनं २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं. बेस्ट बाय या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीनं २०२४ पासून चित्रपटांच्या डिस्क ठेवणं बंद केलं.

भारतात ही घसरण आणखी झपाट्यानं झाली. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स इथं आलं, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ. त्याच वर्षी जिओमुळं मोबाइल डेटा स्वस्त झाला. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस, जिथं संगीत आणि सिनेमा धुंडाळण्यात कित्येक पिढ्या वाढल्या, तेही २०१६ मध्येच बंद झालं. मोझर बेअर दिवाळखोरीत गेली. ब्लू-रे आपल्याकडं सर्वसामान्य घरात रुजण्याआधीच तिची दुकानं उठली. त्यामुळे गेल्या दशकातल्या बहुसंख्य मराठी चित्रपटांना डिस्कचं आयुष्य लाभलेलंच नाही.

डिस्कवर जास्त काय मिळतं

आधी चित्र आणि ध्वनी. फोर-के डिस्कवर ६६ किंवा १०० जीबी जागा असते आणि ती सेकंदाला शंभरहून अधिक मेगाबिट माहिती देऊ शकते. फोर-के पाहायला साधारण १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं, असं नेटफ्लिक्स सांगतं. इतक्या अरुंद वाटेनं पाठवताना चित्र दाबावं लागतं. अंधारातले प्रसंग, धुकं, पाऊस, फिल्मचा मूळ कण अशा ठिकाणी ती दाबादाबी डोळ्यांना जाणवते. ध्वनीचंही तसंच. ब्लू-रेवर स्टुडिओतला ध्वनी काहीही न गाळता देता येतो.

पण संग्राहकासाठी याहून मोठी गोष्ट आहे ती आवृत्तीची. चित्रपट एकच नसतो, त्याच्या आवृत्त्या असतात. 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, सेन्सॉरच्या आग्रहामुळं तो शेवट बदलावा लागला आणि चित्रपटगृहांत ऐन वेळी पोलिस येऊन ठाकूरला थांबवू लागले. मूळ शेवट पुढं कॅसेट आणि डीव्हीडीवर आला आणि संग्राहकांनी तो जपला, एकमेकांना दाखवला. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं सिप्पी फिल्म्सबरोबर पुनरुज्जीवित केलेली प्रत २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात आणि मग भारतातल्या चित्रपटगृहांत मूळ शेवटासह झळकली. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत त्या शेवटाची आठवण जागी ठेवली ती घरातल्या प्रतींनी.

ओटीटीवर आवृत्ती बदलली तर प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. १९८४ च्या 'स्प्लॅश'मध्ये नायिकेची पाठमोरी आकृती झाकण्यासाठी २०२० मध्ये डिस्ने प्लसवर संगणकानं तिचे केस लांबवले गेले. १९७१ च्या 'द फ्रेंच कनेक्शन'मधला, वर्णद्वेषी शब्द असलेला एक तुकडा २०२३ मध्ये स्ट्रीमिंगवरच्या प्रतीत सापडेना. हा शब्द ऐकवावा की नाही, यावर वाद जरूर व्हावा. पण वाद घालायला मूळ प्रत तर समोर हवी. ती कुणाच्या तरी कपाटात होती, म्हणून तर कात्री लागल्याचं कळलं.

विकत घेतलं, पण मिळालं काय

ओटीटीची वर्गणी भरली की पाहण्याची परवानगी मिळते. करार संपला, कर सवलतीचं गणित बदललं, कुणी तक्रार केली, की चित्रपट जातो. डिस्नेनं स्वतः बनवलेला 'क्रेटर' २०२३ च्या मे महिन्यात स्वतःच्या सेवेवर आणला आणि सात आठवड्यांत काढून टाकला. जानेवारी २०२४ मध्ये 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून हटवला गेला. त्या चित्रपटाबद्दल कुणाचं मत काहीही असो, पाहून मत बनवायची वाट त्या दिवशी बंद झाली.

पैसे मोजून 'विकत' घेतलेल्या डिजिटल प्रतीचीही हमी नाही. ग्राहकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यांतून काढले जाणार असल्याचं सोनीनं २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केलं होतं. आरडाओरडा झाल्यावर नवा करार होऊन ते टळलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदाच केला : ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याखेरीज डिजिटल मालाच्या विक्रीत 'खरेदी' हा शब्द वापरता येणार नाही.

नवे प्रकाशक, जुने चित्रपट

मोठ्या कंपन्या मागं सरल्या, तशा छोट्या प्रकाशन संस्था पुढं आल्या. अमेरिकेत क्रायटेरियन, किनो लॉर्बर, व्हिनेगर सिंड्रोम; ब्रिटनमध्ये अॅरो, इंडिकेटर, रेडियन्स. काही हजार प्रती, नीट पुनरुज्जीवन, सोबत निबंधांची पुस्तिका असं त्यांचं काम चालतं. दर्दी वाचकांसाठी पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाच्या निष्ठेनं या संस्था डिस्क काढतात.

भारतीय चित्रपटांना याचा लाभ झाला आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. ते जळके अवशेष ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकॅडमीनं सांभाळले, बोलोन्याच्या प्रयोगशाळेनं कित्येक तास हातांनी काम करून ते सावरले, आणि २०१५ मध्ये क्रायटेरियननं तिन्ही चित्रपट डिस्कवर काढले. ऋत्विक घटक यांचा 'तिताश एकटी नदीर नाम' आणि उदय शंकर यांचा 'कल्पना' मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टच्या संचांत आले. मुंबई आणि रत्नागिरीत घडणारा पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ही २०२५ मध्ये क्रायटेरियनकडून डिस्कवर आला.

इथल्या संग्राहकाला या डिस्क सहज मिळत नाहीत. त्या परदेशातून मागवाव्या लागतात, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क. शिवाय विभागाची अडचण : ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' विभागात, ब्रिटन 'बी'मध्ये आणि भारत 'सी'मध्ये. प्लेअर सर्व विभागांचा नसेल तर डिस्क हातात असून चालत नाही. फोर-के डिस्कला सहसा हे बंधन नसतं, हा एक दिलासा.

डिस्क अमर नाही, हेही सांगायला हवं. वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००९ या काळातल्या बऱ्याच डीव्हीडी आतून खराब होत आहेत, आणि कंपनीनंही २०२५ मध्ये ते मान्य केलं. आपल्या दमट हवेत तर जास्तच जपावं लागतं. डिस्क उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात, वर्षातून एकदा चालवून पाहाव्यात आणि चालू स्थितीतला एक जादा प्लेअर बाळगावा.

वाचनालयांनी हे काम हाती घ्यावं

हरवणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असेल? भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम काही उरले. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) आज पाहायला मिळत नाही. 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. एकाच जागी सगळं ठेवलं की एका ठिणगीत सगळं जातं. ओटीटीचा सर्व्हर हीसुद्धा शेवटी एकच जागा आहे, आणि तिची किल्ली आपल्याकडं नाही. हजार घरांत विखुरलेल्या हजार प्रती एका आगीत जळत नाहीत, एका करारानं नाहीशा होत नाहीत.

पुस्तक छापलं की त्याच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयांना द्याव्या लागतात, असा १९५४ चा कायदा आहे. चित्रपटाला असं बंधन नाही. ते येईल तेव्हा येवो, पण एक वाट आजही खुली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतरच्या कॉपीराइट कायद्यानुसार ना-नफा ग्रंथालयानं कायदेशीररीत्या मिळवलेली चित्रपटाची प्रत ना-नफा तत्त्वावर वाचकांना वापरायला देणं हे व्यावसायिक भाडं ठरत नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि तालुक्या-गावापर्यंत वाचनालयांचं जाळं आहे. दिवाळी अंकांचे संच दरवर्षी वाचकांना फिरवणाऱ्या या वाचनालयांना चित्रपट आणि नाटकांच्या डिस्कसाठी एक कपाट मुळीच जड नाही.

म्हणून या दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या तळाशी डिस्कचा खोका सापडला, तर तो भंगारात देऊ नका. यादी करा, प्रकाशकाचं नाव आणि साल टिपून ठेवा, आणि घरी ठेवायच्या नसतील तर वाचनालयाच्या ग्रंथपालांना विचारा. निर्मात्यांनाही विनंती आहे की चित्रपट ओटीटीला दिल्यावर पाचशे-हजार प्रतींची, इंग्रजी उपशीर्षकांसह, एक चांगली ब्लू-रे जरूर काढावी. घेणारे थोडे असतील, पण तेच ती जपतील. मराठी सिनेमा आणि नाटक पुढच्या पिढीला दाखवायचं असेल, तर ते आज कुणाच्या तरी हातात असलं पाहिजे.