मुरमाड माळावरचे कसबी हात

शांतिनिकेतनची गोष्ट आपल्याकडे बहुधा कवितेपासून सुरू होते. इथे ती मातीपासून सुरू करू, कारण त्या गावातल्या बागा आणि हस्तकला या दोन्हींचे मूळ तिथल्या जमिनीच्या गरिबीत आहे.

बीरभूम जिल्ह्यात बोलपूरच्या बाजूची जमीन जांभ्याची, लाल आणि मुरमाड. पावसाचे पाणी ती खरवडून नेते आणि मागे घळींचे जाळे उरते. त्याला तिथे ‘खोवाई’ म्हणतात. १८६३ मध्ये देवेंद्रनाथ ठाकुरांनी रायपूरच्या सिंह जमीनदारांकडून या माळावरची २० बिघे जमीन वर्षाला ५ रुपये खंडाने कायमची घेतली. सातविणीची दोन झाडे सोडली तर सारे उघडेबोडके होते. बाग करायची म्हटले की बाहेरून माती आणून खड्डे भरावे लागत. इथल्या शाळेची, म्हणजे पाठभवनाची मुले आज ज्या आमराईत आसने पसरून बसतात, ती अशा उसन्या मातीवर उभी आहे.

या माळावर त्यांचे पुत्र रवींद्रनाथ यांनी १९०१ मध्ये पाच मुलांची शाळा काढली. १९२१ मध्ये विश्वभारती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ बनली. शिक्षक येत गेले, घरे बांधत गेले. पूर्वपल्ली, रतनपल्ली अशा वस्त्या वाढल्या आणि प्रत्येक घरामागे बाग आली. विद्यापीठाभोवती गाव वसते तसेच हेही वसले. मात्र इथे हाताने काही करणे हा अभ्यासाचाच भाग मानला गेला, आणि त्यावर पुढे शेजारच्या खेड्यांचीही चूल पेटू लागली.

शेतकी शिकलेला मुलगा

रवींद्रनाथांनी मोठ्या मुलाला बॅरिस्टर व्हायला पाठवले नाही. रथींद्रनाथ आणि त्यांचे मित्र संतोषचंद्र मजुमदार १९०६ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शेतकी शिकायला गेले. मक्याच्या शेतांनी वेढलेले अर्बाना हेही विद्यापीठामुळे नाव मिळालेले गाव. १९०९ मध्ये पदवी घेऊन रथींद्रनाथ परतले आणि आयुष्यभर बागेत, सुतारकामात आणि कातडीकामात रमले. वेगवेगळ्या रंगांचे लाकूड एकमेकांत बसवून केलेले त्यांचे जडावकाम नाजूक असे. ठाकुरांच्या राहत्या घरांच्या, म्हणजे उत्तरायण परिसरातल्या बागेत त्यांनी स्वतःसाठी ‘गुहाघर’ नावाची कार्यशाळा बांधली. तिच्या माथ्यावर पत्नी प्रतिमादेवींची ‘चित्रभानु’ ही चित्रशाळा होती. विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाली तेव्हा पहिले कुलगुरू म्हणून नेमले गेले ते हेच रथींद्रनाथ.

वडिलांना वेलींचा नाद होता. परदेशातून आलेल्या फुलझाडांना ते बंगाली नावे देत. आपल्याकडची मधुमालती तिथे मधुमंजरी झाली, बुचाचे झाड हिमझुरी झाले. पण झाडांचे कौतुक कवितेत संपू नये म्हणून १९२८ च्या पावसाळ्यात त्यांनी वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. त्या पहिल्या उत्सवात त्यांनी वाचून दाखवलेली ‘बलाई’ ही कथा झाडांवर जीव लावणाऱ्या एका पोराची आहे. सजवलेल्या पालखीतून रोप मिरवत आणायचे, मुलांनी पंचमहाभूतांची सोंगे घ्यायची, गाणी म्हणत रोप लावायचे, अशी ही रीत. पालखीची सजावट, मुलांचे पानाफुलांचे दागिने, जमिनीवरची अल्पना हे सारे हाताने करायचे असते. १९४१ मध्ये रवींद्रनाथ गेले. तेव्हापासून बंगाली पंचांगातल्या २२ श्रावणाला, त्यांच्या पुण्यतिथीला, हा उत्सव होतो. पाठोपाठ श्रीनिकेतन या शेजारच्या ग्रामकेंद्रात हलकर्षण म्हणजे नांगरणीचा सण येतो. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये तो तिथल्या भिंतीवर चितारून ठेवला आहे.

मातीची लूट

शांतिनिकेतनपासून तीनेक किलोमीटरवर सुरूल गाव आहे. तिथली कोठी रवींद्रनाथांनी १९१२ मध्ये विकत घेतली होती. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी तिथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू झाले, तेच श्रीनिकेतन. त्याची सूत्रे होती लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाकडे. तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शेतकी शिकलेला होता. पैसा देणाऱ्या डोरोथी स्ट्रेट अमेरिकन होत्या. पुढे या दोघांनी लग्न करून इंग्लंडमध्ये डार्टिंग्टनचा प्रयोग उभारला.

सुरूलच्या आसपासची गावे हिवतापाने आणि कर्जाने खंगलेली होती. एल्महर्स्टने विद्यार्थ्यांना आधी पुस्तक दिले नाही, कुदळ दिली. संडासासाठी चर खणायचे, मैला मातीने झाकायचा, त्याचे खत करायचे, भाजीचे वाफे करायचे. भद्रलोकांच्या मुलांना हा धडा पचायला जड होता. त्याच वर्षी कलकत्त्यात एल्महर्स्टने ‘मातीची लूट’ या विषयावर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी रवींद्रनाथ होते. शहर गावाकडून धान्य नेते आणि मातीला परत काहीच देत नाही, हे त्याचे म्हणणे होते. तोच हिशेब श्रीनिकेतनने माणसांनाही लावला. शिकलेला माणूस गावाकडून अन्न घेतो, तर त्याने गावाला परत काय द्यायचे?

त्याचे एक उत्तर म्हणजे १९२४ चे शिक्षासत्र. खेड्यातल्या गरीब मुलांच्या या शाळेत बागकाम, स्वयंपाक, विणकाम हेच अभ्यासाचे साधन होते. ती चालवायला घेतली अर्बानाहून शिकून आलेल्या संतोषचंद्रांनी. हा धागा थेट महाराष्ट्रात येतो. शिक्षासत्राशी जोडलेले सिलोनचे आर्यनायकम आणि शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी पुढे वर्ध्याला येऊन गांधीजींच्या नई तालीमची धुरा वाहिली. विश्वभारतीच्या कलाशाळेत, कलाभवनात शिकलेले चित्रकार आणि कुंभारकाम करणारे देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक झाले. दोन्हीकडे हस्तकला मध्यवर्ती होती, पण जोर वेगळ्या जागी होता. शाळेचा खर्च मुलांच्या सुताने निघावा असा गांधीजींचा आग्रह होता. रवींद्रनाथांच्या लेखी हातकामात आनंद नसेल तर ते दुसऱ्या नावाने मजुरीच होते.

शांतिनिकेतनवर गांधीजींचा ठसा मात्र राहिला. १० मार्च १९१५ रोजी त्यांच्या सांगण्यावरून तिथल्या मुलांनी आणि शिक्षकांनी नोकरांची कामे स्वतः करायला सुरुवात केली. काकासाहेब कालेलकर त्या वेळी तिथेच होते. ‘गांधी पुण्याह’ म्हणून दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठातली मंडळी आजही झाडू हाती घेतात.

मेण, कातडे, तांदळाची पिठी

कलाभवन १९१९ चे. नंदलाल बोस यांच्या हाती ते आले तेव्हा चित्रकार श्रेष्ठ आणि कारागीर कनिष्ठ ही उतरंड त्यांनी मानली नाही. आंद्रे कारपलेस या फ्रेंच चित्रकर्तीने १९२० च्या दशकाच्या आरंभी तिथे कारागिरीचा विभाग चालवला. कोल्हापूरचे विनायक मासोजी याच घरात शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. खेड्यापाड्यातल्या बायका व्रताला तांदळाच्या पिठीने अल्पना काढत. ती शिकवायला सुकुमारीदेवींना शिक्षिका म्हणून आणले गेले. नंदलालांच्या मुली गौरी भंज आणि जमुना सेन यांनी हा हात पुढे नेला. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने सजवणाऱ्या नंदलालांच्या चमूत या दोघी होत्या. अंगणातली रेघ संविधानाच्या समासापर्यंत पोचली.

बाटिकची वाट जावाहून आणि युरोपातून आली. रवींद्रनाथ १९२७ मध्ये जावाला गेले तेव्हा कलाभवनाचे शिक्षक सुरेंद्रनाथ कर बरोबर होते. प्रतिमादेवी युरोपातून हे तंत्र पाहून आल्या होत्या. शांतिनिकेतनात ते ब्रशने होऊ लागले. जिथे रंग नको तिथे वितळलेले मेण लावायचे, कापड रंगात बुडवायचे, पुन्हा मेण, पुन्हा रंग. मेण तडकते, त्या भेगांतून रंग झिरपतो आणि कापडावर कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ उमटते. ही रेघ दोनदा सारखी येत नाही.

कातडीकामातही हेच तंत्र घुसले. शेळी-मेंढीचे, झाडांच्या सालीने कमावलेले कातडे ओले करायचे, त्यावर नक्षी दाबून उठवायची, मेणाच्या आधाराने रंग भरायचे, आणि कडा कातड्याच्याच वादीने गुंफून घ्यायच्या. हा उद्योग रथींद्रनाथ आणि प्रतिमादेवींनी श्रीनिकेतनच्या शिल्पभवनात रुजवला. भारतभरच्या प्राध्यापकांच्या आणि कवींच्या खांद्याला लटकलेली ती नक्षीदार झोळी इथली. शांतिनिकेतनच्या कातडी वस्तूंना आता भौगोलिक मानांकन आहे. सुषेन मुखोपाध्याय यांनी १९२० च्या दशकात कोपाई नदीजवळ ‘आमार कुटीर’ काढले. ते आधी स्वातंत्र्यसैनिकांचा आसरा होते. पुढे पन्नालाल दासगुप्त यांनी ते ग्रामोद्योगाकडे वळवले. कातडीकाम, बाटिक आणि कांथा आज तिथे सहकारी पद्धतीने चालतात.

गावाचे वेळापत्रक

या गावाची सुट्टी बुधवारी असते. त्या सकाळी काचेच्या उपासनागृहात प्रार्थना होते. एरवी सकाळी वैतालिकाचे गाणे, मग झाडाखाली वर्ग. सायकल हे गावाचे खरे वाहन, तिला आता टोटो म्हणजे ई-रिक्षा आडव्या येतात. रतनपल्लीतल्या कालोच्या चहाच्या दुकानात प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच बाकावर वाद घालत आले आहेत. पन्नाशी ओलांडल्यावर बंगाली शिकायला इथे येऊन राहिलेल्या पु. ल. देशपांडे यांनी ‘वंगचित्रे’ लिहिले, ते या गावाच्या रोजच्या जगण्यावर जडलेल्या प्रेमातून.

वर्षाचे कप्पे मेळ्यांनी पडतात. १ आणि २ डिसेंबरला कलाभवनाचा नंदन मेळा भरतो. ३ डिसेंबर हा नंदलालांचा जन्मदिवस. १९७३ मध्ये, दिनकर कौशिक कलाभवनाचे प्रमुख असताना, गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीसाठी हा मेळा सुरू झाला. विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या हातच्या वस्तू विकतात, पैसे निधीत जातात. ७ पौषाला पौष मेळा येतो. फेब्रुवारीत श्रीनिकेतनच्या वर्धापनदिनाचा माघ मेळा भरतो, त्यात भोपळे, मुळे, कोबी आणि विणलेले कापड शेजारी शेजारी मांडलेले असते. शेती आणि हस्तकला एकाच मांडवात ठेवायची श्रीनिकेतनची भूमिका तिथे अजून दिसते.

भाव कोण ठरवतो

आज शांतिनिकेतनात पर्यटक सर्वाधिक नेतात ती कांथा. मूळची कांथा म्हणजे आपल्या गोधडीची बहीण. जुन्या साड्या एकावर एक ठेवायच्या, साडीच्याच काठातून दोरे ओढून काढायचे आणि धावदोऱ्याने शिवत जायचे. घरातल्या बाळासाठी केलेली ही वस्तू गेल्या काही दशकांत तसरच्या साडीवर चढली. नक्षी बोलपूरमध्ये छापली जाते, साडी भोवतालच्या गावांत जाते, तिथल्या बायका दुपारच्या वेळात टाके घालतात. भरगच्च साडीला कित्येक महिने लागतात. मजुरी नगावर ठरते. दुकानात लागलेल्या किमतीतले किती त्या हातांपर्यंत पोचते, हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही.

हा मधला दुवा काढून टाकावा म्हणून २००० च्या सुमारास सोनाझुरीच्या वनात शनिवारचा हाट सुरू झाला. त्यामागे चित्रकार सुधीर खास्तगीर यांच्या कन्या, पर्यावरण कार्यकर्त्या श्यामली खास्तगीर होत्या. ज्याने वस्तू केली त्यानेच ती आणून विकायची, ही कल्पना. बाउल गात, संथाळ बायका नाचत, सूर्य मावळला की हाट उठे. कल्पना फार यशस्वी झाली आणि तिथेच गोची झाली. आता हाट जवळजवळ रोज भरतो, झाडांमध्ये गाड्या उभ्या राहतात, आणि घाऊक बाजारातून आणलेला छापील माल हातच्या मालाशेजारी त्याच चादरीवर बसतो.

पारखण्याच्या खुणा सोप्या आहेत. मेणाने केलेल्या बाटिकचा रंग कापडाच्या दोन्ही बाजूंना उतरतो, छापील बाटिकची मागची बाजू फिकी असते. हातच्या कांथाची उलटी बाजू जवळजवळ सुलटीइतकीच सुबक दिसते, यंत्राच्या भरतकामाखाली बॉबिनचा दोरा सापडतो. कातडी पिशवीची कड वादीने गुंफलेली आहे की शिवणयंत्राने मारलेली, हे बोट फिरवले तरी कळते.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा ठरवले. त्या हद्दीत आश्रम, उत्तरायण आणि कलाभवनाचा परिसर येतो. श्रीनिकेतन आणि कांथा शिवणारी गावे हद्दीबाहेर आहेत. वारशाच्या नोंदीत इमारती, झाडे, भित्तिचित्रे यांची काळजी घेता येते. टाक्याची नाही घेता येत. विश्वभारतीने शंभर वर्षांत गावांना नमुने दिले, तंत्र दिले, बाजारही दिला. एल्महर्स्टचा प्रश्न मात्र आता विद्यापीठाबरोबर आपल्यालाही लागू पडतो: जे उचलून नेतो त्याची परतफेड किती? आईची मजुरी पाहून मुलीला तो टाका शिकावासा वाटला, तरच कांथा पुढच्या पिढीत जाईल. ती मजुरी आपण हाटावर किती घासाघीस करतो, यावरही ठरते.