कवळीच्या पाच खेपा

राष्ट्रीय वयोश्री योजना 1 एप्रिल 2017 रोजी सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत द्यायच्या साहित्यात काठी, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, चष्मा आणि कवळीही आहे. बारामती लोकसभा मतदारसंघात या योजनेची मोठी शिबिरं झाली. शिबिरात काठी उंचीला लावून बघितली की काम भागतं. कवळीचं तसं नाही. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही, सख्ख्या भावाचीही नाही. ती टेबलावर मांडून वाटता येत नाही, प्रत्येकाच्या तोंडावर बेतावी लागते. त्याला साधारण पाच खेपा पडतात आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाच्या गावातून बारामतीला यायचं, तर प्रत्येक खेपेला रोज बुडतो.

इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला पानमळे आहेत. पान हाताशी, पण दात गेलेल्या माणसाला ते छोट्या खलबत्त्यात कुटूनच खावं लागतं. भाकरी आमटीत कुस्करायची, मटणाच्या नुसत्या रश्श्यावर भागवायचं आणि हुरड्याच्या आगटीभोवती बसून फक्त गप्पा मारायच्या. दात जातात ते बहुतेक किडीनं आणि हिरड्यांच्या रोगानं. मिश्री-तंबाखू त्यात भर घालते. त्यावर आपली समजूत अशी, की दुखला दात तर टाका काढून. रूट कॅनल करून वर कॅप बसवली असती तर पुढे कितीतरी वर्षं चालली असती, अशी दाढही ‘कशाला एवढा खर्च’ म्हणून निघते. मग घरात नातवाचं लग्न ठरतं आणि फोटोच्या धास्तीनं आजोबा दवाखान्याची पायरी चढतात.

पहिली खेप मापाची. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटची पूड पाण्यात कालवून, ट्रेमध्ये भरून तोंडात दाबतात. दोन-तीन मिनिटं नाकानं श्वास घेत बसायचं. या मापावरून प्लास्टरचा साचा आणि साच्यावर त्याच माणसाच्या जबड्याचा खास ट्रे तयार होतो. दुसऱ्या खेपेला हिरव्या कंपाउंडची कांडी तापवून ट्रेच्या कडेला लावतात आणि ‘ओठ पुढं काढा, जीभ बाहेर काढा, आता डावीकडं’ असं चालू होतं. गालाच्या आणि जिभेच्या हालचालीला कवळीची कड आड आली, की कवळी उचकटते. म्हणून ती कड तोंडालाच घडवू द्यायची. वरून पातळ पेस्टचा हात. त्यात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं, त्यामुळे खोलीभर लवंगेचा वास.

तिसरी खेप सगळ्यात नाजूक. दात जाऊन वर्षं लोटली की तोंड किती मिटायचं हेच जबडा विसरलेला असतो. नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका, हनुवटीवर दुसरा. आवंढा गिळायला लावून, जबडा सैल सोडायला लावून मधलं अंतर मोजतात आणि दातांच्या जागी लावलेल्या मेणाच्या कडा त्या हिशोबानं तासतात. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर मोकळीक हवी. ती राहिली नाही तर बोलताना दातावर दात आपटतात. फार राहिली तर तोंड बसकं दिसतं.

चौथ्या खेपेला मेणात दात रोवलेली कवळी तोंडात घालून बघायची. इथं पेशंटला बोलायला लावतात. इंग्रजी पुस्तकांत ‘स’साठी मिसिसिपी म्हणवून घेतात, आपल्याकडं सासवड म्हणवलं तरी तेच कळतं. ‘व’ला वालचंदनगर पुरतं: वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकले पाहिजेत. रंगाचा वादही इथंच होतो. डॉक्टर जरा पिवळसर छटा सुचवतात, रापलेल्या चेहऱ्यावर पांढरेशुभ्र दात उठून दिसतात म्हणून. आजोबांचं उत्तर ठरलेलं: “मग दिसू द्या की! पैसे मोजतोय ते कशाला?” या वादात मी आजोबांच्या बाजूचा आहे.

खेपांच्या मधल्या दिवसांत काम लॅबमध्ये असतं. तिथल्या तंत्रज्ञाला 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात ‘डेंटल मेकॅनिक’ म्हटलंय. पेशंट त्याला बघत नाही आणि तोही सहसा पेशंटला बघत नाही. त्याच्यापुढं प्लास्टरचा जबडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. दिव्यावर पातं तापवून तो मेणात एकेक दात बसवतो, पूर्ण कवळीत 28, कारण अक्कलदाढा लावत नाहीत. मेणाची कवळी तोंडात पसंत पडली, की ती फ्लास्क नावाच्या धातूच्या डब्यात प्लास्टरमध्ये पुरतात आणि गरम पाण्यानं मेण वितळवून काढतात. दात प्लास्टरला धरून राहतात, मेणाची जागा पोकळ होते. त्या पोकळीत ॲक्रिलिक भरायचं. पूड आणि द्रव कालवल्यावर आधी तारा सुटतात. तारा सुटायच्या थांबल्या आणि गोळा भांड्याला चिकटेनासा झाला, की लगेच भरून प्रेसखाली घ्यायचं. जरा उशीर झाला तर गोळा दबतच नाही. मग डबा पाण्यात. एका रीतीप्रमाणे 74 अंशांवर दोन तास आणि नंतर एक तास उकळी. सुरुवातीलाच उकळी आणली तर आतला द्रव उकळतो, बुडबुडे तसेच राहतात आणि कवळी तिथंच कमजोर होते. शेवटी प्यूमिसनं घासून चकाकी आणायची, पण फक्त बाहेरून. हिरडीला टेकणाऱ्या बाजूला पॉलिश नाही. माप तिथं आहे.

ॲक्रिलिक आलं 1930 च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी कवळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या असत. अमेरिकेत त्याचं पेटंट राखणाऱ्या कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन परवान्याच्या पैशासाठी दंतवैद्यांवर खटले भरत हिंडायचा. 1879 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्यानं त्याला गोळी घातली.

एक-दोनच दात गेले असतील तर ब्रिज होतो, पण त्यासाठी शेजारचे धडधाकट दात तासावे लागतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडात बसवतात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1952 मध्ये सशांवरच्या प्रयोगात पाहिलं आणि 1965 मध्ये पहिल्या माणसाला असे दात बसवले. काम उत्तम, पण हाड धरायला काही महिने लागतात, खर्च मोठा, आणि तंबाखू किंवा आटोक्यात नसलेली साखर असेल तर जोखीम वाढते. ऊसपट्ट्यातल्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या वाट्याला म्हणून कवळीच येते.

पाचव्या खेपेला कवळी हातात मिळते, आणि खरी तक्रार सुरू होते ती खालच्या कवळीची. वरची टाळूला धरून राहते. खालच्या कवळीला टेकू म्हणजे घोड्याच्या नालेसारखी कड, आणि मधे जीभ सारखी हलती. दात गेले की जबड्याचं हाड झिजतच राहतं. टॉलग्रेन यांनी 25 वर्षं पेशंटांचा पाठपुरावा करून 1972 मध्ये दाखवलं, की खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजतो. त्यामुळे चपखल बसलेली कवळी काही वर्षांनी सैल पडते. पेशंट म्हणतो डॉक्टरनं बिघडवली. खरं तर कवळी तेवढीच असते, खालचा जबडा उरलेला नसतो. आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसवता येते, पण त्यासाठी पुन्हा एक खेप, आणि तिथं बरेच जण हात टेकतात.

तुटलेली कवळी मात्र सगळे न चुकता घेऊन येतात, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन तुकडे. धुताना हातातून निसटून फरशीवर पडलेली असते. नुसते तुकडे आणले तर थंडच घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकनं त्याच दिवशी जोडता येतात. घरी झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडून आणली असेल, तर कडा जुळलेल्या नसतात, गोंद खरवडताना त्यांची धार जाते आणि तुकडे पहिल्यासारखे जुळत नाहीत. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवावं. निसटली तरी पाण्यात पडते.